ट्रॅक्टरवरील टेप आणि मागचा लाल दिवा : विजेच्या जोडणीतील दोष कसे शोधावेत

कोल्हापूर जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे करवीर, कागल, शिरोळ, हातकणंगले, पन्हाळा, राधानगरी ह्या तालुक्यांतील रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातात. वारणानगर, कुडित्रे, परिते, बिद्री, हुपरी, कसबा बावडा येथील कारखान्यांकडे रात्रंदिवस ऊस जात असतो, आणि एकेका ट्रॅक्टरामागे दोन दोन ट्रॉल्या जुंपलेल्या असतात. ह्या वाहतुकीची चाहूल दुरूनच लागते ती इंजिनाच्या आवाजापेक्षाही गाण्याच्या आवाजाने. चालक मंडळी ज्यास 'टेप' म्हणतात त्यात आता फीत राहिलेली नाही. पेनड्राइव्ह अथवा मोबाइलवरून गाणी वाजतात. नाव मात्र जुनेच टिकले आहे.

टेप हा निव्वळ चैनीचा प्रकार आहे असे म्हणून ह्या विषयाची बोळवण करणे योग्य होणार नाही. ज्या चालकास थंडीच्या रात्री फडातून निघून गाडीतळावर पहाटेपर्यंत नंबराची वाट पाहावी लागते, त्यास जागे राहण्यासाठी काहीतरी सोबत हवी असते. टेप बसवू नका असा उपदेश कोणी मानीत नाही, आणि तो करण्याचे कारणही नाही. तथापि टेप ज्या रीतीने बसविला जातो ती रीत पुष्कळ ठिकाणी घातुक आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. टेपसाठी लागणारी वीज सोयीची म्हणून दिव्यांच्या तारेतून घेतली जाते. पुढे कधीतरी त्या तारेवरील फ्यूज जळतो. टेपची एक तार सरळ बॅटरीवरून आलेली असल्यास गाणे वाजतच राहते. विझतो तो फक्त ट्रॉलीचा मागचा लाल दिवा. चालकाची दृष्टी पुढे असते. आपल्या मागे वीस-पंचवीस फुटांवर अंधार झाला आहे ह्याचा त्यास पत्ताही नसतो, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला उसाच्या मोळ्या दिसतात त्या अगदी जवळ आल्यावर. स्वच्छ हवेत १५५ मीटरांवरून दिसेल असा लाल दिवा वाहनाच्या मागे असावा, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी सांगितले आहे. ते उगाच नव्हे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व ट्रॅक्टरमालक शेतकऱ्यांनी ह्या विषयातील थोडे विद्युत्शास्त्र समजून घेतल्यास बहुतेक दोष बांधावरच शोधता येतील.

विजेचा जमाखर्च

ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते. पस्तीस ते पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर ती साधारणतः ७५ ते ९० अँपिअर-तास क्षमतेची बसविलेली आढळते. ७५ अँपिअर-तास म्हणजे दर तासाला ५ अँपिअर खर्च केल्यास सुमारे पंधरा तास पुरेल इतका साठा. परंतु घरातील कणगी तळापर्यंत रिकामी करता येते तशी ही कणगी करता येत नाही. निम्म्याहून अधिक साठा वारंवार उपसला गेल्यास आतील शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण कवच धरते व बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. शिवाय सेल्फ मारताना काही क्षणांपुरता शेकडो अँपिअर प्रवाह लागतो. तो देण्याची ताकद अर्ध्या रिकाम्या बॅटरीत उरत नाही.

आता खर्चाकडे पाहू. पुढील दोन मोठे दिवे प्रत्येकी ५५ वॅटचे धरल्यास त्यांना मिळून सुमारे ९ अँपिअर लागतात. ट्रॅक्टरचे दोन व दोन ट्रॉल्यांचे चार असे मागील सहा दिवे प्रत्येकी ५ वॅटचे धरल्यास अडीच अँपिअर होतात. साधा टेप दोन ते पाच अँपिअर घेतो. परंतु हल्ली टेपबरोबर वेगळा ॲम्प्लिफायर व मोठे स्पीकर बसविण्याची चढाओढ लागली आहे, आणि असा ॲम्प्लिफायर मोठ्या आवाजात १५ अँपिअर सहज ओढतो. ह्यांची बेरीज तीस अँपिअरांवर जाते. ट्रॅक्टरचा अल्टरनेटर पूर्ण गतीवर साधारण पस्तीस-चाळीस अँपिअर देतो हे खरे. पण गाडीतळावर इंजिन मंद गतीवर सोडलेले असते, तेव्हा तो त्याहून पुष्कळच कमी देतो. उरलेला खर्च बॅटरीतून भागविला जातो. इंजिन चालू असूनही बॅटरी कशी उतरली, ह्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. दोष बॅटरीचा नसतो, विकणाऱ्याचाही नसतो. जमेपेक्षा खर्च अधिक झालेला असतो.

इंजिन बंद ठेवून आठ तास टेप वाजविला व सरासरी ८ अँपिअर खर्च झाला, तर ६४ अँपिअर-तास गेले. नंबर लागतो तेव्हा सेल्फ फक्त 'कट्' असा आवाज करतो, मागचे चालक खोळंबतात, आणि बारा-पंधरा टनांच्या ट्रॉल्या जुंपलेला ट्रॅक्टर धक्का मारून सुरू करणे कोणाच्याही हातात राहत नाही.

बॅटरीची स्थिती पाहण्यास मल्टीमीटर हे स्वस्त साधन पुरेसे आहे. इंजिन बंद करून, दिवे व टेप बंद ठेवून, दोन-तीन तासांनी मोजल्यास १२.६ व्होल्ट अथवा अधिक म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी समजावी. नंतर इंजिन मध्यम गतीवर ठेवून पुन्हा मोजावे. आकडा १३.८ ते १४.४ असला म्हणजे भरणा ठीक आहे. तो १२.६ वरून हलतच नसेल तर पट्टा सैल आहे किंवा अल्टरनेटर काम करीत नाही. आणि १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला असून बॅटरीचे पाणी व टेप दोहोंची हानी होणार. भरणाच नीट नसताना टेपची जोडणी तपासण्यात वेळ दवडू नये.

स्वतंत्र तार, स्वतंत्र फ्यूज

टेपसाठी वीज बॅटरीच्या धन टोकावरूनच, स्वतंत्र तारेने आणावी. दिव्यांची, हॉर्नची किंवा ट्रॉलीच्या सॉकेटची तार सोलून तिच्यावर टेपची तार पिळून बसविणे हा ह्या सर्व विषयातील मूळ दोष होय. बाकीचे दोष त्यातूनच निपजतात.

ह्या स्वतंत्र तारेवर फ्यूज हवा, व तो बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा. पुष्कळांची समजूत अशी असते की टेपच्या मागे फ्यूज आहे, तेव्हा आणखी एक कशास. टेपच्या मागील फ्यूज टेपचे रक्षण करतो. बॅटरीपासून टेपपर्यंतच्या तारेचे तो रक्षण करू शकत नाही. ही तार पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली तर बॅटरीतील सारी शक्ती त्या एका ठिकाणी उतरते. तार लाल होते, रबर पेटते. उसाचा वाळलेला पाला चालकाच्या पायाशी, हूडवर, मडगार्डच्या सांध्यात सर्वत्र अडकलेला असतो, हे ध्यानी घेतल्यास पुढे काय होईल ते निराळे सांगावयास नको. फ्यूज जळाला म्हणून त्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे कुंपण मोडून त्या जागी बाभळीची फांदी ठेवण्याइतकेही नव्हे. ती फांदी निदान टोचते तरी. चपट्या फ्यूजचा रंग पाहून त्याची शक्ती ओळखता येते : लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा व हिरवा ३० चा. साध्या टेपला १० किंवा १५ चा पुरतो. पुन्हा पुन्हा जळत असेल तर त्याहून मोठा घालू नये, कारण शोधावे.

तारेच्या जाडीविषयी काटकसर करणे महागात पडते. घरातील दिव्यास लावतात ती १ चौरस मिलिमीटरची तार घेतली आणि बॅटरी ते ॲम्प्लिफायर हे अंतर तीन मीटर धरले, तर जाऊन-येऊन सहा मीटर तार होते. १५ अँपिअर प्रवाहास ह्या तारेतच दीड व्होल्टहून अधिक दाब खर्च होतो. ॲम्प्लिफायरपाशी पोहोचतात ते जेमतेम साडेदहा-अकरा व्होल्ट. आवाज फाटतो, टेप मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि तार गरम होते. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास हीच तूट पाऊण व्होल्टच्या आत येते. मोठा ॲम्प्लिफायर असल्यास ४ चौरस मिलिमीटरची तार वापरावी. पत्र्याच्या छिद्रातून तार नेताना रबरी कडे बसवावे. सायलेन्सर, पंख्याचा पट्टा व हायड्रॉलिकचा दांडा ह्यांपासून ती दूर बांधावी. काळ्या चिकटपट्टीचा सांधा डिझेल व उन्हाने दोन महिन्यांत ओघळतो. त्याऐवजी दाबून बसविण्याचे टोक व गरम केल्यावर आवळणारी नळी वापरावी.

टेपच्या मागून ज्या तारा निघतात त्यांच्या रंगांचा संकेत बाजारात मिळणाऱ्या बहुतेक टेपांत एकच असतो. पिवळी तार बॅटरीची, कायम चालू. लाल तार चावीची. काळी तार अर्थची. निळी तार ॲम्प्लिफायर किंवा एरियल चालू करण्याची असते, तिला वीज द्यावयाची नसून ती स्वतःच वीज देते. पांढरी, करडी, हिरवी व जांभळी ह्या स्पीकरच्या जोड्या असून प्रत्येक जोडीतील काळी रेघ असलेली तार ऋण बाजूची असते. तरीही टेपबरोबर आलेला कागद पाहिल्यावाचून केवळ रंगावर विसंबू नये, विशेषतः जुना टेप विकत घेतला असेल तेव्हा.

जुन्या ट्रॅक्टरांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पूर्वीच्या काही विलायती ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असे. असा एखादा ट्रॅक्टर अजून वापरात असल्यास टेप जोडण्यापूर्वी कोणते टोक सांगाड्यास गेले आहे ते डोळ्यांनी पाहावे. उलट जोडणीने टेप क्षणात निकामी होतो.

अर्थ : सर्वांत दुर्लक्षित टोक

वीज बॅटरीतून निघते तशीच तिला बॅटरीकडे परत जावे लागते. ट्रॅक्टरमध्ये परतीची वाट म्हणजे लोखंडी सांगाडा. त्यासच 'अर्थ' म्हणतात. पाटाचे पाणी शेतात सोडताना जो शेतकरी निचऱ्याची काळजी घेतो, तोच टेपची काळी तार रंगवलेल्या पत्र्याखाली कोठेतरी दाबून मोकळा होतो. रंगातून वीज जात नाही. गंजातून व ग्रीसमधूनही ती नीट जात नाही. टेपच्या बहुतांश तक्रारी धन बाजूच्या नसून ह्या बाजूच्या असतात.

अर्थ द्यावयाच्या जागी रंग खरवडून लोखंड चकचकीत करावे, दातेरी वायसर घालून बोल्टने तार आवळावी आणि वरून व्हॅसलीन लावावे. टेप व ॲम्प्लिफायर ह्या दोघांची अर्थ एकाच बोल्टवर घ्यावी. ॲम्प्लिफायर मोठा असेल तर काळी तार थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत नेणे अधिक चांगले. २०१९ व २०२१ च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेच्या काठचे जे ट्रॅक्टर पाण्यात राहिले, त्यांच्या सांध्यांकडे विशेष लक्ष द्यावे. वरून तार धड दिसते, परंतु आवरण कापून पाहिल्यास आतील तांबे हिरवे-काळे होऊन भुगा झालेले असते. अशा तारेवर नवा टेप जोडू नये, तार बदलावी.

ट्रॉलीच्या दिव्यांचा प्रश्न ह्याहून बिकट आहे. सात खिळ्यांच्या सॉकेटमध्ये एक खिळा अर्थचा असतो, परंतु पुष्कळ ट्रॉल्यांत ती तार जोडलेलीच नसते. वीज परत येते ती हूक व पिनमधून. पिनवर ग्रीस असते, माती असते, आणि ट्रॉली खड्ड्यात आपटली की स्पर्श सुटतो. मग चमत्कारिक गोष्टी घडतात : ब्रेक दाबला की मागचे दिवे लागण्याऐवजी मंद होतात, उजवा सिग्नल दिला तर डावाही मिणमिणतो. दिवा परतीची वाट न मिळाल्याने दुसऱ्या दिव्याच्या तारेतून वाट काढीत असतो. असे दिसले म्हणजे बल्ब बदलीत बसू नये. ट्रॉलीच्या प्रत्येक दिव्यापासून सॉकेटच्या अर्थच्या खिळ्यापर्यंत स्वतंत्र तार ओढावी, व दुसऱ्या ट्रॉलीसही तीच तार पुढे न्यावी. ट्रॉलीवर शोभेच्या दिव्यांच्या माळा किंवा स्पीकर लावलेले असल्यास त्यांची परतीची वाट ह्या तारेवर टाकू नये.

दोष शोधण्याची रीत

साधने दोनच लागतात. एक मल्टीमीटर, व दुसरे म्हणजे घरी करता येणारा चाचणी दिवा. सिग्नलचा २१ वॅटचा १२ व्होल्टचा बल्ब, त्याचा होल्डर, दोन हात लांबीच्या दोन तारा आणि एका टोकास चिमटा, एवढ्यात तो तयार होतो. मल्टीमीटर असता ह्या दिव्याची गरज काय, असे विचारले जाईल. जेथे तार तुटत तुटत एका बारीक धाग्यावर उरली आहे तेथे मल्टीमीटर बारा व्होल्ट दाखवितो आणि माणूस फसतो, कारण त्यास मोजण्यापुरताच अत्यल्प प्रवाह लागतो. चाचणी दिव्यास मात्र पावणेदोन अँपिअर हवे असतात. त्या धाग्यावर तो लागतच नाही, लागलाच तर मिणमिणतो. खोटी वीज उघडकीस आणण्यास हे साधन अधिक खरे. मात्र टेपच्या निळ्या तारेस व स्पीकरच्या तारांना हा दिवा लावू नये, आणि नव्या मोठ्या ट्रॅक्टरांत जेथे इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते तेथे कारखान्याच्या मूळ तारांना तो मुळीच लावू नये.

शोध नेहमी बॅटरीकडून टेपकडे करावा. टेप अजिबात लागत नसेल तर प्रथम बॅटरीच्या टोकांवरील पांढरी भुकटी गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुऊन काढावी व टोके आवळावीत. नंतर चाचणी दिव्याचा चिमटा बॅटरीच्या ऋण टोकास लावून दुसरे टोक फ्यूजच्या अलीकडे, मग पलीकडे, मग टेपच्या पिवळ्या तारेस व चावी फिरवून लाल तारेस लावावे. जेथे दिवा लागत नाही त्याच्या मागेच दोष आहे. सर्व ठिकाणी लागला, तर चिमटा काढून टेपच्या काळ्या तारेस लावावा. आता लागेनासा झाला म्हणजे दोष अर्थचा. मल्टीमीटरने हीच गोष्ट अधिक बारकाईने पाहता येते : टेप मोठ्याने वाजत असताना एक टोक टेपच्या काळ्या तारेस व दुसरे बॅटरीच्या ऋण टोकास लावावे. आकडा एक-दोन दशांश व्होल्टच्या आत हवा. अर्धा व्होल्ट आला तर अर्थ उसवून पुन्हा करावी.

टेप लागतो, पण चावी बंद केली की वेळ व निवडलेले केंद्र विसरतो, अशी तक्रार असल्यास पिवळी तार चावीवर जोडली गेली आहे. उलटपक्षी चावी काढूनही टेप चालूच राहतो व दोन-तीन दिवसांनी ट्रॅक्टर सुरू होत नाही, अशी तक्रार असल्यास लाल व पिवळी ह्या दोन्ही तारा बॅटरीवर एकत्र पिळलेल्या असतात. पुष्कळ मेकॅनिक हे जाणूनबुजून करतात, कारण चालकास चावी नसताना गाणी ऐकावयाची असतात. त्यापेक्षा लाल तारेवर एक साधे बटण बसवावे. बॅटरी कशाने उतरते हे नक्की करावयाचे असल्यास सर्व काही बंद करून ऋण टोक सोडवावे व ते आणि बॅटरी ह्यांमध्ये मल्टीमीटर अँपिअरच्या जागी ठेवून जोडावा. आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत असला तर चिंता नाही. एक अँपिअर दिसला तर ॲम्प्लिफायर जागा आहे; तो दिवसाला २४ अँपिअर-तास गिळतो. मल्टीमीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नये.

गाण्याच्या ठोक्याबरोबर पुढचे दिवे मंद होत असतील तर तार बारीक आहे, अर्थ कमजोर आहे किंवा बॅटरी उतरलेली आहे. ह्या तिन्हींची तपासणी वर आलीच आहे.

इंजिनाची गती वाढविली की स्पीकरमधून शिटीसारखा सूर निघतो व गतीबरोबर चढत जातो, ही तक्रार फार जुनी आहे. अमेरिकेत शिकागो येथे गॅल्विन बंधूंनी १९३० साली मोटारीत बसविण्याचा रेडिओ 'मोटोरोला' ह्या नावाने बाजारात आणला, तेव्हाही मोटारीच्या विजेचा रेडिओत शिरणारा हा गोंगाट हीच मोठी अडचण होती. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीच्या प्लगचा गोंगाट असतो. डिझेल ट्रॅक्टरात ठिणगी नाही. यास्तव येथे संशय घ्यावयाचा तो अल्टरनेटर व अर्थ ह्यांचाच. टेप व ॲम्प्लिफायरची अर्थ एका जागी आहे की नाही ते पाहावे. दोहोंना जोडणारी आवाजाची तार विजेच्या तारेशेजारून नेली असल्यास ती ट्रॅक्टरच्या दुसऱ्या अंगाने न्यावी. एवढ्यानेही सूर जात नसेल तर इंजिन चालू ठेवून मल्टीमीटर एसी व्होल्टच्या जागी लावून बॅटरीच्या टोकांवर मोजावे. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेल्यास अल्टरनेटरमधील डायोड गेला असण्याचा संभव असतो. तो वेळीच बदलल्यास बॅटरीही वाचते.

एक स्पीकर बंद असेल तर टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल घ्यावा. स्पीकरच्या तारा टेपपासून सोडवून सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवाव्यात. 'टप्' असा आवाज होऊन पडदा हलला तर स्पीकर जिवंत आहे, दोष मागे तारेत किंवा टेपमध्ये आहे. पडदा बाहेर उसळतो तेव्हा सेलच्या धन बाजूस असलेली तार स्पीकरची धन तार होय. सर्व स्पीकर ह्याच रीतीने एका दिशेचे जोडावेत, अन्यथा ढोलाचा आवाज पोकळ येतो. स्पीकरची ऋण तार सांगाड्यास कधीही जोडू नये. जुन्या टेपांत ते चालत असे. आताच्या टेपांत त्यामुळे आतील भाग तापून टेप बंद पडतो किंवा जळतो. चार ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडीवर शेजारी शेजारी जोडण्यानेही हेच होते, कारण दोघांचा मिळून अडथळा दोन ओहमवर येतो.

ट्रकमधून ऊस नेणाऱ्यांसाठी थोडे वेगळे सांगितले पाहिजे. ट्रकांत सहसा दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट असतात, टेप १२ व्होल्टचा. दोहोंपैकी एका बॅटरीवरून टेप चालविण्याची प्रथा आहे. त्यामुळे ती एक बॅटरी नेहमी उपाशी राहते व दुसरी अधिक भरली जाऊन तिचे पाणी आटते. दोन्ही अकाली जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मध्ये घालणे हाच उपाय आहे.

गाडीतळावर बॅटरी उतरलीच, तर दुसऱ्या ट्रॅक्टरची मदत घेताना धन टोकास धन जोडावे, आणि ऋणची तार शेवटी, उतरलेल्या बॅटरीवर न लावता त्या ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडास लावावी. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीने पेटतो. काडी ओढून पाण्याची पातळी पाहण्याचा प्रकारही ह्याच कारणासाठी टाळावा.

आवाज किती ठेवावा हा प्रश्न विजेचा नसला तरी येथे सोडून देता येत नाही. मागील वाहनाचा हॉर्न चालकास ऐकू आला पाहिजे. तो न आल्यास रस्त्यावरील इतरांचा जीव त्याच्या गाण्यावर टांगला जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ह्या वेळेत ध्वनिक्षेपक वाजविण्यावर निर्बंध आहेत, आणि रुग्णालय, शाळा व न्यायालय ह्यांच्या भोवतालचे १०० मीटर हे शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येते. गावातून जाताना आवाज उतरविला तर त्या गावातील म्हातारेकोतारे व परीक्षेस बसलेली मुले चालकास दुवा देतील.

टेप बसवून झाल्यावर मेकॅनिकच्या दारातच पुढीलप्रमाणे पाहणी करावी. ट्रॉली जोडून इंजिन चालू करावे, टेप मोठ्याने लावावा, सर्व दिवे लावावेत. एकाने ट्रॉलीच्या मागे उभे राहून लाल दिवे, ब्रेकचे दिवे व दोन्ही सिग्नल पाहावेत. नंतर टेपचा फ्यूज काढावा : टेप बंद झाला पाहिजे, पण एकही दिवा हलता कामा नये. तो पुन्हा घालून मागील दिव्यांचा फ्यूज काढावा : दिवे जातील, टेप चालू राहील, आणि चालकास आसनावर बसून काहीच कळणार नाही. म्हणूनच मागील दिव्यांच्या तारेवर चालकासमोर एक लहान खुणेचा दिवा बसवून घ्यावा. तो मागील दिव्यांच्या फ्यूजच्या पलीकडून घेतलेला असावा, म्हणजे तो फ्यूज जळताच खुणेचा दिवाही विझेल. एखादा बल्ब गेला किंवा ट्रॉलीचा प्लग निसटला तर मात्र हा दिवा विझत नाही. त्यासाठी फडातून निघताना मागे जाऊन पाहणे सुटत नाही. मोळ्यांची वाडी दिव्यांवर लोंबत असतील तर तीही त्याच वेळी कापावीत, आणि परावर्तक पट्ट्यांवरील चिखल पुसावा.

हंगामापूर्वी ट्रॉलीचे किंवा हुकाचे वेल्डिंग करून घेताना बॅटरीचे ऋण टोक सोडवून ठेवावे आणि टेपचा प्लग काढावा. वेल्डिंगची अर्थ ज्या ठिकाणी काम चालू आहे त्याच्या जवळच लावण्यास सांगावे. हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर बराच काळ उभा राहणार असेल तर टेपचा फ्यूज काढून डब्यात ठेवावा, बॅटरी पूर्ण भरून तिचे ऋण टोक सोडवावे, आणि महिन्यातून एकदा तिचे व्होल्ट मोजावेत, १२.४ च्या खाली गेल्यास ती पुन्हा भरून घ्यावी.